नवी डिझेल गाडी : हात बसेपर्यंतचे अनुभव लिहा

पेट्रोलवर हात बसलेल्या माणसाने डिझेल घेतली की पहिले काही आठवडे गाडीच त्याला चालवते. आमच्याकडे सध्या तेच चालू आहे. छोटी पेट्रोल गाडी दिली आणि दीड लिटर इंजिनाची, सहा गिअरची डिझेल घेतली.

पहिली गंमत क्लचची. सपाट रस्त्यावर पहिला गिअर टाकून क्लच हळू सोडला की ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी आपसूक चालायला लागते. संध्याकाळी कर्वे रोडवर याच्यासारखं सुख नाही. दुसरी आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे ते दाखवणाऱ्या काट्याची. जुनी गाडी सहा हजारांपर्यंत ताणली तरी जीव तोडून पळायची. ही साडेतीन हजारांच्या पुढे नुसती ओरडते, वेग काही वाढत नाही. आणि तिसरी ती 'टुंग'. मोकळ्या रस्त्यावर दर मिनिटाला वाजते. बायकोने सगळी दारं तपासली, मी सगळ्यांचे पट्टे. बिघाड नाही हे नंतर समजलं. 1 जुलै 2019 पासूनच्या नव्या गाड्यांना तो वेगाचा इशारा सक्तीचा आहे: ताशी 80 किलोमीटर ओलांडले की मिनिटामिनिटाला, आणि 120 ओलांडले की थांबतच नाही.

गाडीबरोबर जाडजूड पुस्तक मिळालं, पण ते सगळ्या मॉडेलांसाठी मिळून छापलेलं, त्यामुळे दर पानावर 'असल्यास' आहे. तेव्हा तुम्हीच लिहा. नुसता सल्ला नको, तुमच्या गाडीने काय केलं ते सांगा. गाडी शोरूममधली असो की जुन्या बाजारातली.

नाशिकहून

माझी जुन्या बाजारातली डिझेल स्विफ्ट. आधी पेट्रोलच होती. माझं रोजचं जाणं दिंडोरी-वणी रस्त्याने, म्हणजे द्राक्षांचे पिकअप, टोमॅटोचे क्रेट, मधेच बैलगाडी. ओव्हरटेक केल्याशिवाय माणूस पोचतच नाही.

पेट्रोलमध्ये सवय काय, जागा दिसली की पाय दाबायचा. डिझेलमध्ये पाय दाबला आणि... काही नाही. मनात 'एक-दोन' म्हणेपर्यंत नाही. मग एकदम कोणीतरी मागून ढकलल्यासारखी गाडी सुटते. घरचे म्हणाले पिकअप गेलाय, दाखवून घे. मेकॅनिक हसला. म्हणाला, ताई, टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, तो बाहेर पडणाऱ्या धुरावर फिरतो. इंजिन हळू फिरत असेल तर धूर कमी, मग टर्बोला वाराच मिळत नाही. या गाडीत 1248 सीसीचं फियाटचं मूळ इंजिन आहे (तेच व्हिस्टात होतं, तेच पुंटोत). त्याचा पूर्ण जोर, 190 न्यूटन मीटर, 2000 आरपीएमला येतो. काटा दीड हजारावर असताना तुम्ही चौथ्यात पाय दाबला, तर ते बिचारं काय करणार?

तेव्हापासून क्रम उलटा केला. आधी तिसरा टाकायचा, काटा दोन हजारांवर आला की मग आरसा, मग हॉर्न, मग बाहेर. तो जोर एकदा अंगवळणी पडला की पेट्रोल गाडी चालवताना पाण्यातून चालल्यासारखं वाटतं. पण समोरून एसटी येत असेल तर टर्बोच्या भरवशावर बाहेर पडू नये. एसटीचा ड्रायव्हर तुमच्या टर्बोसाठी थांबत नाही.

डोंबिवलीहून

मला कोणी हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सविस्तर लिहितो.

एप्रिल 2020 नंतरच्या म्हणजे बीएस-6 (धुराचे कडक नियम पाळणाऱ्या) डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर एक फिल्टर असतो, डीपीएफ. काजळी त्यात अडकते. फिल्टर भरत आला की गाडी स्वतःच जादा डिझेल सोडून धूर तापवते, सहाशे अंशांच्या आसपास, आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी तिला सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने चालायला लागतं. माझं चालवणं काय, तर घर ते स्टेशन, स्टेशन ते घर, आणि रविवारी कल्याणला सासुरवाडी. इंजिन धड तापायच्या आत बंद.

व्हायचं तेच झालं. आधी गाडी उभी असताना काटा नेहमीपेक्षा थोडा वर राहायला लागला. मग बंद केल्यावरही पंखा घरघरत राहायचा. वॉचमनने दोनदा वर फोन केला की साहेब, गाडी चालूच राहिली. ॲव्हरेज पडला. शेवटी पिवळा दिवा. शोरूममध्ये विकताना "सिटीत मस्त चालते" म्हणालेलाच माणूस आता म्हणाला, "सर, हायवेला नेत जा ना." नेली. नाशिक हायवेने शहापूरपर्यंत, चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये, काटा दोन हजारांच्या वर ठेवून. दिवा गेला.

आता लक्षणं ओळखतो. काटा वर आहे, कोपऱ्यातला चालू ॲव्हरेज अचानक निम्मा दाखवतोय, सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन बंद होत नाहीये, म्हणजे आत साफसफाई चालू आहे. अशा वेळी सोसायटीच्या गेटात आलो तरी वळसा मारून येतो. मधेच सारखं बंद केलं तर ते जादा डिझेल थोडंथोडं खाली ऑइलमध्ये उतरतं. त्यामुळे ऑइलची कांडी काढून बघायची सवय लागली. पातळी कमी झालीय का ते सगळेच बघतात, मी वाढलीय का तेही बघतो.

माझं मत स्पष्ट आहे. रोजचं चालवणं माझ्यासारखं असेल तर डिझेल घेऊच नका.

नागपूरहून

डोंबिवलीकर भाऊ, तुमचा तो पिवळा दिवा मी अजून पाहिलाच नाही. आमचं काम संभाजीनगरला, समृद्धीवरून जाणं-येणं. सहावा गिअर, शंभरचा वेग, काटा दोन हजाराच्या आसपास, अन् गाडी तासन् तास तशीच. फिल्टर भरतो कधी अन् जळतो कधी, पत्ताच लागत नाही.

मला शिकावं लागलं ते दुसरंच. टाकीचं झाकण उघडलं तर आत दोन तोंडं. एक डिझेलचं, बाजूला निळ्या टोपणाचं. ते ॲडब्लूचं, म्हणजे पाण्यात विरघळवलेला युरिया, 32.5 टक्के. तो धुरावर फवारला जाते अन् त्यातला विषारी वायू कमी होते. सगळ्या डिझेल गाड्यांत नसतो, माझ्या एक्सयूव्ही 700 मध्ये आहे. संपत आला की गाडी आधी सांगते, इतके किलोमीटर उरले. मग तो आकडा उतरत जाते. शून्य झाला अन् गाडी बंद केली तर परत चालू होत नाही, इंजिन ठणठणीत असलं तरी. म्हणून आकडा चार अंकी असतानाच भरून घेतो. शेतातला युरिया घोळून टाकू काय, असं आमच्या काकांनी विचारलं होतं. नाही काका.

अन् ते 120 चं अखंड वाजणं. समृद्धीवर कारला मर्यादाच 120 आहे, त्यामुळे तिथे ते बरोबर कान धरते.

सांगलीजवळून

आमची हयात डिझेलवरच गेली, ट्रॅक्टरच्या. चालू करायच्या आधी हिटर धरायचा, बंद करायचा तर दट्ट्या ओढायचा. पोराने नवी गाडी आणली त्यात किल्ली फिरवायचीच नाही. बटण. मी बटण दाबतोय, दिवे लागतात, गाणी लागतात, इंजिन गप्प. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय ती चालूच होत नाही. ट्रॅक्टरला आम्ही क्लच दाबूनच चालू करतो, पण हिला गिअर सुटलेला असला तरी क्लच पाहिजेच.

थंडीत सकाळी गाडी लावताना पिवळी वेटोळ्याची खूण दिसते, ती ओळखीची वाटली. तोच आपला हिटर. पूर्वी धरून उभं राहायला लागायचं, आता खूण विझायला श्वास घेण्याइतका वेळ. उन्हाळ्यात तर दिसतही नाही.

पण खरं सांगायचं तर घाबरलो सिग्नलला. कारखाने चालू झाले की आमच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, दोन-दोन जोडलेल्या. मागं थांबलो, गिअर काढला, क्लच सोडला, आणि इंजिन बंद! मला वाटलं डिझेल संपलं. पोरगं म्हणतंय, आबा, तिने स्वतः बंद केलंय, क्लच दाबा. दाबला, झाली चालू. आता मी गाडीत बसलो की पहिलं ते बटण दाबून ही शहाणपणाची सोय बंद करतो. दर वेळी दाबावं लागतं, तिच्या लक्षात राहत नाही.

आणखी एक. सुनेला दवाखान्यात सोडलं आणि तसाच पुढं निघालो. किल्ली तिच्या पर्समध्ये. गाडी ओरडली, पण बंद पडली नाही. पुढं तासगावात जाऊन बंद केली ती परत चालू होईना.

चिंचवडहून

इंजिनाच्या कारखान्यात नोकरी आहे, त्यामुळे राहवत नाही. बऱ्याच जणांना ड्रायव्हर मंडळी सांगतात, सकाळी पाच मिनिटं गाडी नुसती चालू ठेवा आणि बंद करतानाही तेवढीच. हे जुन्या गाड्यांचं शास्त्र आहे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. एक्सप्रेसवेवरून येऊन थेट फूड मॉलवर बंद केली तर तापलेल्या टर्बोत ऑइल जळतं, हे खरं. तिथे अर्धा-एक मिनिट थांबा. पण गावातून रमतगमत घरी आलात तर शेवटच्या दोन किलोमीटरमध्येच तो निवलेला असतो. सकाळी चालू केल्यावर थोडं थांबून निघा आणि पहिली काही मिनिटं हलक्या पायाने चालवा. नुसती उभी तापवत ठेवली तर काजळीच वाढते, म्हणजे डोंबिवलीच्या फिल्टरची भर.

आणि ऑइल बदलल्यावर आठवड्यात काळं झालं म्हणून सर्व्हिसवाल्याशी भांडू नका. डिझेलमध्ये ते होतंच.

कुडाळहून

आंबोली घाटावर दोन ओळी लिहितो. पावसाळ्यात धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते, चढावर, धुक्यात. पेट्रोलवाले हाफ क्लचवर झुंजतात आणि वास सुटतो. डिझेलला पहिल्या गिअरात पाय न लावता मुंगीच्या चालीने चढवता येतं. उतरताना दुसरा गिअर. न्यूट्रल करून डिझेल वाचवायला जाऊ नये. गिअरमध्ये पाय काढलेला असताना इंजिन तसंही डिझेल घेत नाही, आणि न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. उतारावर इंजिन बंद केलं तर ब्रेक दगडासारखा घट्ट होतो.

आमच्या पावसात दुसरी भानगड म्हणजे डिझेलमधलं पाणी. फिल्टरच्या तळाशी ते साठतं आणि थेंबाच्या खुणेचा दिवा लागतो. तो लागल्यावर पुढच्या सर्व्हिसची वाट बघायची नसते.

स्टुटगार्टहून

इथे जुनी गोल्फ टीडीआय घेतली. घेताना पहिला प्रश्न ॲव्हरेजचा नव्हता, युरो 6 (युरो म्हणजे इथले धुराचे निकष, आकडा मोठा तितका कडक) आहे का हा होता. 1 जानेवारी 2019 पासून या शहरात युरो 4 आणि त्याच्या आधीच्या डिझेल गाड्यांना बंदी आली. गाड्यांच्या गावातच!

उजव्या बाजूने चालवणं लवकर जमलं, कारण सगळेच तसे चालवतात. इंडिकेटर मात्र छळतो. इथे तो डावीकडे, वायपर उजवीकडे. वळायच्या आधी लख्ख उन्हात काच पुसून घ्यायचो. गंमत म्हणजे सुट्टीत पुण्याला आल्यावर भावाची चाकणला बनलेली पोलो चालवली, तर तिच्यातही इंडिकेटर डावीकडेच. घरातल्या बाकी सगळ्यांच्या उलट.

नोव्हेंबरच्या मध्यापासून पंपावर हिवाळी डिझेल येतं. साध्या डिझेलमधलं मेण कडक थंडीत गोठून फिल्टर चोंदतो, म्हणून. ॲडब्लूही उणे 11 ला गोठतं, त्याच्या टाकीला गाडीतच हिटर असतो. मित्राला हे फोनवर सांगितलं तर म्हणाला, आमच्या अकोल्यात डिझेल उकळू नये एवढंच बघतो.

सोलापूर रस्त्यावरच्या एका पंपावरून

मी डिझेल गाडीचा मालक नाही, डिझेल भरणारा आहे. चालेल ना?

नवी गाडी घेतलेला माणूस लांबून ओळखू येतो. तो टाकीच्या उलट्या बाजूला गाडी लावतो. डिझेलच्या काट्याशेजारी पंपाचं चित्र असतं, त्याला बाण असतो. ज्या बाजूला बाण त्या बाजूला टाकी. बाण बघा, उतरून फेरी मारायला नको.

दुसरं, तोंडाने 'डिझेल' म्हणा. नुसतं 'दोन हजारांचं टाक' म्हणू नका. आता एकाच गाडीचं पेट्रोल पण येतं आणि डिझेल पण, आम्ही चेहऱ्यावरून सांगणार कसं? डिझेलचा नोझल जाड असतो, तो पेट्रोल गाडीच्या तोंडात सहसा जात नाही. पण पेट्रोलचा बारीक नोझल डिझेल गाडीत आरामात जातो. मागे एका नव्या गाडीत असाच गेला. मालक शहाणा होता, मीटर बघत उभा होता, लगेच ओरडला. गाडी चालू केलीच नाही, ढकलून बाजूला घेतली आणि टाकी उपसायला माणूस बोलावला. चालू केली असती तर खर्च वेगळाच होता. डिझेल इंजिनाच्या मोठ्या दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, पेट्रोल गेलं की तो कोरडा घासतो. तोवर किल्लीसुद्धा फिरवू नका, काही गाड्यांत तेवढ्यानेच टाकीतला पंप सुरू होतो.

आणि टाकी कोरडी होईपर्यंत ताणू नका. पेट्रोल गाडीत बाटलीभर ओतलं की चालू होते. डिझेलमध्ये हवा धरली तर आधी ती काढावी लागते. काही गाड्यांत फिल्टरपाशी हाताने दाबायचा पंप असतो, काहींत तोही नसतो. रात्री मेकॅनिक मिळत नाही. आमच्याकडून बाटली घेऊन गेलेले लोक मग गाडी ओढत घेऊन येतात.

पावती मागून घ्या. त्यावर पेट्रोल की डिझेल ते छापलेलं असतं.