मदत हवी आहे : काही वेळ अंधुक दिसून पुन्हा नीट दिसू लागले, तर डॉक्टरांकडे जावे का?

कपाशीवाला : काल दुपारी आमच्या आप्पांना अचानक अंधुक दिसू लागले आणि थोड्या वेळाने आपोआप पूर्वीसारखे दिसू लागले. आम्ही पारोळा तालुक्यात राहतो. धुळ्याला जाऊन दाखवायचे म्हणजे पूर्ण दिवस मोडतो आणि सध्या कपाशीवर फवारणी चालू आहे. आप्पांचे म्हणणे एवढेच, ‘माले काही व्हयेल नही.’ कृपया लांबलचक माहिती न देता जावे की न जावे एवढेच सांगावे.

गिरणाथडी : भाऊ, एवढ्यावरून कोणीही सांगू शकणार नाही. अंधुक एका डोळ्याला दिसले की दोन्ही? ‘थोडा वेळ’ म्हणजे दोन सेकंद की अर्धा तास? आप्पांचे वय, रक्तदाब आणि साखर यांबद्दल आपण काहीच लिहिलेले नाही.

बांधावरून : फवारणीचा उल्लेख आला, तिथेच उत्तर आले. दोन वर्षांपूर्वी तोंडाला रुमाल न बांधता पंप चालवल्यामुळे मला असेच झाले होते. ऑर्गनोफॉस्फेट गटातील औषध अंगावर उडाले की बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, अंधुक दिसते, दरदरून घाम येतो आणि तोंडात लाळ सुटते. कपडे बदलून साबणाने अंघोळ घालावी आणि लगेच रुग्णालयात न्यावे.

खडूफळा : मला गेली 15 वर्षे अर्धशिशीचा त्रास आहे. आधी नागमोडी, चकाकणाऱ्या रेषा दिसतात, त्या हळूहळू पसरतात, वीसेक मिनिटांनी नाहीशा होतात आणि मग डोके दुखते. अंधारात शांत पडून राहिल्यास बरे वाटते. विनाकारण घाबरू नये.

गिरणाथडी : ताई, आपला त्रास तरुणपणापासूनचा आणि ओळखीचा आहे. उतारवयात पहिल्यांदाच असे झाले, तर त्याला घरबसल्या अर्धशिशी म्हणणे धोक्याचे आहे.

जुनाचष्मा : सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या वेळी आम्ही घडीचे भिंग बसवले, अनुभव उत्तम आहे. खर्चाची माहिती हवी असल्यास विचारावे.

गिरणाथडी : मोतीबिंदू पाच मिनिटांपुरता येऊन जात नसतो.

कपाशीवाला : फवारणी मी करतो, आप्पा ओट्यावर बसलेले होते. वय 66. रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण बरे वाटले की ते ती सोडतात. साखर कधी तपासलेली नाही. फक्त उजव्या डोळ्यासमोर वरून काळा पडदा उतरल्यासारखे झाले, पाच-सहा मिनिटांनी तो वर गेला, दुखले अजिबात नाही. पंधरवड्यापूर्वीही एकदा असेच झाले होते, हे आईने आत्ता सांगितले. हे आधी लिहायला हवे होते, हे मान्य आहे.

जुनाचष्मा : म्हणजे डोळ्याचा पडदा सरकला असणार. त्यासाठी लेझर करतात.

तपासणीखोली : मी नेत्रविभागात तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही. ‘पडदा’ या एकाच शब्दामुळे इथे घोळ होत आहे. दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, सुटते तेव्हा बहुधा आधी चमका आणि तरंगणारे काळे ठिपके दिसतात, आणि आलेली सावली अशी पाच मिनिटांत पूर्ण निघून जात नाही. आप्पांच्या वर्णनात सावली उतरली आणि परत गेली. मानेतील धमनीतून किंवा हृदयातून सुटलेली बारीक गुठळी डोळ्याच्या रक्तवाहिनीत क्षणभर अडकून पुढे सरकली की असे होते, आणि हीच गुठळी पुढच्या वेळी मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. हा धोका पहिल्या 48 तासांत सर्वाधिक असतो, म्हणून दिसू लागले यात समाधान मानू नका. आजच, आत्ताच निघा. नुसती डोळ्यांची तपासणी पुरणार नाही. रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख, मानेच्या धमन्यांची डॉपलर सोनोग्राफी आणि डॉक्टरांना वाटल्यास मेंदूचे स्कॅन, हे सगळे जिथे होईल अशा मोठ्या रुग्णालयात न्या. आणखी दोन गोष्टी आप्पांना विचारा. कळण्याची भाकरी चावताना जबडा दुखतो का, कानशिलाला हात लावला तर दुखते का? तसे असेल तर तेथील रक्तवाहिनीला सूज असू शकते आणि दृष्टी कायमची जाऊ शकते, म्हणून ते पोहोचताच सांगा. दुसरे म्हणजे, तेव्हा त्यांनी एकेक डोळा झाकून पाहिले होते का? उजव्या डोळ्याने दिसत नव्हते असे सांगणाऱ्या कित्येकांची खरे तर दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू गेलेली असते, आणि मग दोष डोळ्यात नसून मेंदूत शोधावा लागतो.

बांधावरून : रक्त पातळ होण्याची गोळी घरूनच देऊन निघावे, वेळ वाचेल.

तपासणीखोली : देऊ नये. रक्तस्राव नाही ना, हे पाहूनच डॉक्टर ती सुरू करतील.

कपाशीवाला : जबडा दुखत नाही, कानशीलही नाही. आप्पांनी उजवा डोळा झाकला होता आणि डाव्याने भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तिथी नीट वाचली होती. मोटारसायकलवर मागे बसवून नेले तर चालेल का?

गिरणाथडी : नको. वाटेत पुन्हा तसे झाले तर तोल जाईल. चारचाकी पाहा. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर क्षणही न दवडता 108 ला फोन करा आणि हे नेमके किती वाजता सुरू झाले ते लिहून ठेवा.

कपाशीवाला : शेजारच्या काकांची गाडी मिळाली आहे. आप्पा अजून कुरकुरत आहेत, पण आईने गोळ्यांची सगळी जुनी पाकिटे पिशवीत भरली आहेत. निघतो.