बायर सोशल ऑडिट मागतोय, खर्च निघतो का?

सुईदोरा_सोलापूर
माझं गणवेशाचं शिलाई युनिट आहे, ४२ मशिनं, बहुतेक बायकाच. पहिल्यांदाच एक्सपोर्टचं जॉबवर्क मिळतंय. परदेशातल्या बायरला आधी सोशल ऑडिट हवंय, म्हणजे कामगारांना कसं ठेवतो याची तपासणी. त्यासाठी एजंटानं सात पानांची यादी धाडली: पीएफ-ईएसआय, ओव्हरटाईमला दुप्पट दर, आगीसाठी दुसरा दरवाजा, पाणी, संडास. आणि शर्टामागचा दर? तोच. एक रुपया वाढवायला तयार नाही.
आमचा मागचा दरवाजा कापडाच्या गठ्ठ्यांनी बुजलाय, कबूल करतो. शेजारचा म्हणतो, "दोन रजिस्टरं ठेव, एक खरं, एक दाखवायला, ऑडिटच्या दिवशी दरवाजा उघड, झालं." मला ती लबाडी नको, पण पदरमोड किती करायची? कुणाच्या धंद्यात यानं खरंच फरक पडलाय का? प्रवचन नको, हिशेब सांगा.

कटिंगटेबल
आधी गठ्ठे हलवा, बाकीचं मग वाचा. कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला २०१२ साली एसए ८००० प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे कामगारांची सुरक्षा-सोय नीट आहे असा दाखला, आणि काही आठवड्यांत, ११ सप्टेंबरला, तिथं आग लागली. दारं बंद, खिडक्यांना गज. अडीचशेच्या वर माणसं गेली. कागद चोख होते.
आता हिशेब. मी बंगळूरला या धंद्यात आहे. इथल्या शिलाई कारखान्यांवरचा एक अभ्यास आहे. वीज वाचावी म्हणून ट्यूब काढून एलईडी लावले, तर हॉलमधली उष्णता कमी झाली आणि उन्हाच्या दिवसांत पीस जास्त निघाले. नुसती वीजबचत धरली तर पैसे वसूल व्हायला साडेतीन वर्षं, वाढलेलं काम धरलं तर आठ महिन्यांच्या आत. सोलापूरचा एप्रिल मी तुम्हाला काय सांगणार!

चेकिंगवाली_इचल
दादा, महिन्याला किती बायका सोडून जातात, ते लिहिता का कुठं? आमच्याकडं कॉलर बसवणारी एक पक्की बाई होती. ओव्हरटाईमचे पैसे थकवले, ती गेली. तिच्या जागी नवी पोरगी. दोन आठवडे कॉलरची टोकं वरखाली, बंडलच्या बंडल उसवून परत. तो ऑल्टरचा ढीग माझ्या टेबलावर असायचा, मालकाच्या वहीत नाही.
आणि संडासाला आतून कडी आहे का बघा. नसली तर बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. तीन वाजले की डोकं धरून बसतात, आणि त्या तासाचा माल मी सगळ्यात जास्त परत पाठवते.

सुईदोरा_सोलापूर
ताई, आमच्याकडं कडीच्या जागी सुतळी आहे. आजवर लक्षच गेलं नव्हतं.
पण दराचं काय करू?

कटिंगटेबल
बायरकडं दर ठरवणारा एका खात्यात, ऑडिटवाला दुसऱ्या. दोघांची गाठ क्वचितच पडते, त्यामुळं दरावर डोकं आपटू नका. मुदत मागा. सॅम्पल मंजूर झाल्यावर बायर बटण बदलतो, तारीख मात्र तीच ठेवतो, मग रात्री दहापर्यंत मशिनं चालतात. मंजुरीनंतर बदल झाला तर डिलिव्हरी तेवढे दिवस पुढं, हे पीओवर, म्हणजे ऑर्डरच्या कागदावर, लिहून घ्या. दुप्पट दरानं रात्री काढायची पाळी कमी येईल.

सुईदोरा_सोलापूर
लिहून पाठवलंय, एजंट अजून गप्प आहे. कड्या बसवल्या. गठ्ठे काल हलवले, पण मागच्या दरवाजाची किल्ली कुणाकडंच नव्हती. शेवटी कुलूप तोडलं.