मदत हवी आहे: बोका रोज खोकतोय, केसांचा गोळा काही पडत नाही

घारेडोळे:
बोका रोज खोकतो. गोळा अडकलाय, बाहेर पडत नाहीये. केसांचा गोळा उतरवायची माल्ट पेस्ट चालू आहे, काडीचा फरक नाही. याहून जालीम पेस्ट कुठली? डोस किती? नुसतं "डॉक्टरकडे जा" सांगू नका, ते मलाही कळतं.

पायपुसणं:
वय? वजन? किती दिवस झाले? आजवर एकदा तरी गोळा पडलाय? खातोय का? यातलं एकही लिहिलं नाहीत, डोस कशाच्या भरवशावर सांगायचा?

लोणीचोर:
पेस्ट सोडा. साधी पेट्रोलियम जेली पुढच्या पंजाला फासा, आपोआप चाटतो. अर्धा चमचा, आठवड्यातून दोनदा. विषय संपला.

घारेडोळे:
वय ४, वजन ५ किलो, आखूड केसांचा. दोन महिने झाले. गोळा एकदाही पडला नाही, म्हणून तर म्हणतोय अडकलाय. खाणं झकास.

निशाचर:
दोन महिने अडकलेला गोळा आणि खाणं झकास, हे जमत नाही. गोळा आतड्यात अडकला तर एक-दोन दिवसांत बोका खाणं टाकतो, उलट्या होतात, शी बंद होते. तुमचा बोका बहुतेक खरोखरच खोकतोय, गोळ्याचा संबंध नाही.
पुढच्या वेळी बारकाईने बघा. उमासा असेल तर पोट भात्यासारखं हलतं, लाळ गळते आणि शेवटी काहीतरी पडतं. केसांचा गोळा नावालाच गोळा, अन्ननलिकेतून येताना पिळून त्याची लांबट वळकटी होते. खोकल्यात मांजर जमिनीसरसं दबून बसतं, कोपरं बाहेर, मान पुढे ताणलेली. खरखर किंवा शिट्टीसारखा आवाज येतो, मग आवंढा गिळून स्वारी काही झालंच नाही अशी चालू पडते.

लोणीचोर:
उगाच घाबरवू नका. मांजराच्या जिभेवरचे काटे मागे वळलेले असतात, चाटलेले केस गिळण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. गोळे सगळ्यांनाच होतात.

निशाचर:
केस गिळतात, पण बहुतेक शीतून निघून जातात. आखूड केसांच्या मांजराला वरचेवर गोळे पडत असतील तर पिसवा, खाज, आतड्याची सूज हे बघावं लागतं. पंजावरची जेली चाटली तर ठीक. मात्र कोणी पातळ पॅराफिन सिरिंजने तोंडात सोडू नका. त्याने ठसकाही नीट लागत नाही, गुपचूप श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो.

शेपूटवाकडे:
केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या खोकल्याची, लस नाकात टाकायचीही मिळते. टोचण्यापेक्षा ती बरी.

पायपुसणं:
शेपूटवाकडे, धागा मांजराचा आहे हो.
घारेडोळे, या वयात पहिला संशय दम्याचा, दुसरा फुप्फुसातल्या जंतांचा. लिटर, म्हणजे शीच्या ट्रेमधली वाळू, कुठलं? घरात धूर, फवारे, सुगंधी तेलाचा डिफ्यूझर? बाहेर शिकार करतो? शेवटचं जंतनाशक कधी दिलंत?

घारेडोळे:
बेंटोनाइट मातीचं लिटर, ओतताना धुरळा उडतो. डिफ्यूझर असतो चालू. बाहेर जातो, पक्षी-उंदीर मारतो. जंतनाशक आठवत नाही. तोवर घरातलं मुलांचं कफ सिरप दोन थेंब दिलं तर?

निशाचर:
अजिबात नाही! बऱ्याच सिरपांत पॅरासिटामॉल असतं. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, थोड्याशा मात्रेनेही जीव जातो.
डिफ्यूझर आत्ता बंद करा. बोका गाढ झोपला की श्वास मोजा, छाती वर जाऊन खाली आली की एक, पूर्ण मिनिटभर. घुरघुरताना मोजू नका. ३० च्या आत हवेत. सतत वर असतील तर दाखवायला लांबण लावू नका. ४० च्या वर, तोंड उघडून धाप किंवा हिरड्या निळसर दिसल्या तर तडक उचलून न्या.
खोकल्याचा व्हिडिओ काढाच, दवाखान्याच्या टेबलावर मांजर हटकून खोकत नाही. छातीचा एक्स-रे आणि शीची बेअरमन तपासणी (फुप्फुसातल्या जंतांच्या अळ्या शोधणारी) मागा. अळ्या रोज पडत नाहीत, म्हणून लागोपाठ तीन दिवसांची ताजी शी द्या. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून दमा नाही असंही नसतं.

लोणीचोर:
म्हणजे दम्यासाठी जन्मभर स्टिरॉइड. त्यापेक्षा जेली परवडली.

पायपुसणं:
जेली श्वासनलिकेची सूज उतरवते का? सुरुवातीला प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या, मग फ्लुटिकासोन या स्टिरॉइडचा इन्हेलर, म्हणजे औषध मुख्यतः फुप्फुसापुरतं राहतं. मांजरांसाठी मास्कवाला स्पेसर, म्हणजे इन्हेलरला जोडायची पोकळ नळी, मिळतो. इन्हेलर हलवायचा, स्पेसरमध्ये एक फवारा, मास्क नाकातोंडावर धरून ७ ते १० श्वास. आधी काही दिवस नुसता मास्क दाखवून खाऊ द्या, एकदा बिचकला की मास्क दिसताच पलंगाखाली. इन्हेलरचा पुरता गुण यायला १-२ आठवडे लागतात, तोवर गोळ्या मनाने थांबवू नका. श्वासनलिका मोकळी करणारं साल्बुटामॉल फक्त दम्याचा झटका आला तर.

घारेडोळे:
दोनदा मोजले, झोपेत ३६. व्हिडिओत कोपरं बाहेरच आहेत, शेवटी गिळतोय. संध्याकाळची वेळ घेतली. पेस्टचं काय करू?

निशाचर:
दिलीत तरी बिघडत नाही, खोकला तिने जाणार नाही. लिटर आणि डिफ्यूझरचं डॉक्टरांना आधी सांगा. नेताना मान दाबून धरू नका, घाबरला की धाप वाढते. वाटेत तोंड उघडून श्वास घ्यायला लागला तर दवाखान्यात आधीच फोन करा, ऑक्सिजन तयार ठेवतील.

लोणीचोर:
बरं, ब्रश तरी रोज करता ना?