आजीच्या काळातलं पहिलीचं पुस्तक आजच्या मुलीला द्यावं का?

पाटीपेन्सिल: लेक साडेपाच वर्षांची. शाळेत घातलेलं नाही, घरीच शिकवतो. माळ्यावरच्या ट्रंकेत सासूबाईंचं पहिलीचं पुस्तक सापडलं, 1950च्या दशकातलं. महिनाभर त्यावरच शिकवतेय आणि मला ते आजच्या चकचकीत पुस्तकांपेक्षा सरस वाटतं. पानावर चारच शब्द. सुरुवातीला काना नाही, मात्रा नाही: बदक, गवत, मगर. तेच पुढच्या पानावर पुन्हा. नव्या पुस्तकांत पानभर चित्रं, मग पोरगी चित्र बघून अंदाजाने 'वाचते'. इथे अंदाजाला जागाच नाही. परवा 'गवत' वाचलं आणि माझ्या तोंडाकडे न बघता पुढच्या शब्दावर बोट ठेवलं. बरोबर आलं हे तिचं तिलाच कळलं होतं.

कानामात्रा: माझा विरोध आहे, आणि तो अनुभवातून आहे. तुमचं पुस्तक 1962च्या शुद्धलेखन नियमांआधीचं. उच्चारात नसलेले अनुस्वार त्या नियमांनी काढले. म्हणजे पुढच्या पानांवर 'घरांत', 'आईनें', 'तें' असणारच. माझ्या मुलाला मी असंच जुनं पुस्तक दिलं होतं. टिंब दिसलं की नाकात बोलायचं हे 'पंखा', 'अंगण' करताना मीच शिकवलेलं, त्यामुळे तो 'घरांत'चं 'घरान्त' वाचायचा. मी सांगायचे, इथलं टिंब वाचायचं नाही. तो म्हणाला, "मग दिलंय कशाला?" आता पाच वर्षांच्या मुलाला व्युत्पत्ती सांगू? अक्षरावरचा त्याचा विश्वासच डळमळला. पुढे कितीतरी दिवस तो प्रत्येक टिंबापाशी थांबून माझ्याकडे बघायचा.

पाटीपेन्सिल: टिंबं आहेत, खरंय. मूळ पुस्तकाला हात लावला नाही. झेरॉक्स काढून सगळी व्हाइटनरने झाकली, दोन रात्री गेल्या.

फळाखडू: वीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतलाय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. टिंबं झाकता येतील, क्रमाचं काय? आई, बाबा, आजी, मामा हे मुलाच्या सगळ्यात जवळचे शब्द, आणि बिनकान्याच्या पुस्तकात त्यातला एकही बसत नाही. 'बदक बघ, गवत बघ' असं घरात कोण बोलतं? मी क, म, ल यांच्याबरोबर पहिल्याच आठवड्यात काना द्यायचो. काम, काका, मामा, लाल. मुलं घरी जाऊन मामाचं नाव लिहून दाखवायची.

'अंदाजाला जागा नाही' हेही पटत नाही. मूल आधी 'ब-द-क' असं सुटं वाचतं, शेवटचा 'क' पूर्ण उच्चारतं. तो आखडता घ्यायचा हे अक्षरं सांगत नाहीत. बदक हा शब्द कानात असेल तरच जीभ तिथे थांबते. शब्द ओळखीचा हवा तो याचसाठी. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी परिसरातल्याच वस्तू साधनं म्हणून वापरल्या. वाचनातले शब्दही तसेच मुलाच्या अंगणातले असावेत.

शाईदौत: सगळ्या मुलांना एकच माप लावू नका. माझी मुलगी काना आणि वेलांटी एकदम आल्यावर पुस्तक मिटून टाकायची. जुन्या पुस्तकाच्या संथ चालीनेच तिची भीती गेली. दोन महिने जास्त लागले तर लागले. घरी शिकवतो ते त्यासाठीच ना?

कानामात्रा: आणि चित्रं? आई चुलीपाशी, बाबांच्या हातात पेपर. 2019मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आईबाबा मिळून भाजी निवडताना दाखवले. मुलगी शब्दांआधी चित्र वाचते, हे तुम्हीच लिहिलंय.

पाटीपेन्सिल: चित्राचं मान्य. त्या जागी आमच्या घरातले फोटो चिकटवते, भाकऱ्या थापणारा तिचा बाबा आहेच. फळाखडू, काना उद्यापासून देते, मामापासून सुरुवात. पण पान चारच शब्दांचं राहील. त्यावर मी हटणार नाही.