शनिवारचा गच्चीवरचा सिनेमा : तो प्रसंग ठेवायचा का?

बी-३०४ : नमस्कार मंडळी 🙏 शनिवारी साडेसातला गच्चीवर मुलांसाठी 'द लँड बिफोर टाइम' लावतेय. १९८८ चा आहे. दुष्काळात डायनासोरची पाच पिल्लं हिरव्या दरीच्या शोधात निघतात, त्याची गोष्ट. ६९ मिनिटांचाच आहे, नऊच्या आत सगळे घरी. चटया आपापल्या आणा.

ए-१०२ : प्रोजेक्टर माझ्याकडचा घ्या. पडद्याला पांढरी चादर बांधू.

सी-२०१ : ताई, एक विचारू? यात पिल्लाची आई जाते ना? आमची धाकटी चार वर्षांची आहे. आणि डी विंगमधल्या छोट्याचंही मनात येतं. अजून वर्षही झालं नाही. तेवढा भाग पुढे पळवता येईल का?

बी-३०४ : वहिनी, बरं झालं बोललात. मलाही तीच काळजी होती, म्हणून काल रात्री पुन्हा बघितला. आई टी-रेक्सशी झुंजते, जखमी होते आणि पावसात जीव सोडते. बघवत नाही, खरंय. पण नंतरचं सगळं त्यावरच उभं आहे. लिटलफूट आधी आईवरच चिडतो, तिचीच चूक म्हणतो. मग रूटर नावाचा एक म्हातारा डायनासोर भेटतो. तो सांगतो, कुणाचीच चूक नाही. हे पात्र बालमानसतज्ज्ञांचा सल्ला घेऊन मुद्दाम घातलं होतं. पुढे एक उडणारं पिल्लू त्याला फळ देऊ करतं, पण तो खात नाही.

माझी आई गेली तेव्हा मी तिसरीत होते. शेजारच्या काकूंनी दिलेला बेसनाचा लाडू संध्याकाळपर्यंत माझ्या मुठीत तसाच होता. त्या पिल्लाला बघून मला तो लाडू आठवला. असं आपल्या एकटीलाच होत नाही, हे मला तेव्हा कुणी दाखवलं असतं तर फार बरं झालं असतं.

अजून एक प्रसंग आहे. कड्यावर मोठी सावली दिसते. आईच आली म्हणून तो धावत सुटतो. जवळ जावं तशी सावली लहान होत जाते. ती त्याचीच असते.

तरी शेवटचा शब्द छोट्याच्या बाबांचा. ते नको म्हणाले तर दुसरा लावू.

डी-४०३ : सगळं वाचलं. तो येईल. घरात तिचा विषय निघाला की आम्ही मोठी माणसंच बोलणं बदलतो, आणि ते त्याला कळतं. सिनेमात आई जाते हे मी त्याला आधीच सांगून ठेवीन आणि शेजारी बसेन. फक्त त्या वेळी कुणी त्याच्याकडे वळून बघू नका.

सी-२०१ : नाही बघणार, दादा. आमचीला मी मांडीवर घेऊन बसते.

बी-३०४ : इंग्रजी आहे, म्हणून लहानांना मी मध्ये मध्ये मराठीत सांगेन. त्या प्रसंगात गप्प राहीन.

ए-५०१ : मी आजोबा. सिनेमा संपल्यावर मला दहा मिनिटं द्या. लिटलफूट हा अपॅटोसॉरस, म्हणजे सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा. टी-रेक्स साधारण पावणेसात कोटी वर्षांपूर्वीचा. दोघांची गाठ पडणं शक्यच नव्हतं, हे मुलांना कळायला हवं. आणि लांब मानेचा डायनासोर आपल्याकडेही होता. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला इसिसॉरसची हाडं मिळाली आहेत.

ए-१०२ : आपल्या चंद्रपूरला? हे मलाही नवीन. आजोबा, दहा काय, वीस मिनिटं घ्या.

डी-४०३ : आजोबा, छोटा विचारतोय, चंद्रपूरवाल्याची पिल्लं कुठे राहायची?

ए-५०१ : त्याच्या पिल्लांचं नाही सांगता येत, बाळा. पण त्याच्या भाऊबंदांची ९२ घरटी नर्मदेच्या खोऱ्यात, धार जिल्ह्यात सापडली आहेत. २५६ अंडी! मुलांनी मोजली तर मोजून होईपर्यंत झोप येईल. नकाशा घेऊन येतो, धार तू शोध.