टप्पा किलोमीटरवर नाही, पाण्यावर ठरवायचा

मी: किनाऱ्याच्या पायवाटेचं नक्की झालं. मी आणि दादा, चार दिवस, तीन मुक्काम. रोज १८ किलोमीटर असा हिशोब केलाय. मामा, तू असं चालला आहेस ना, एकदा नजर टाक.

मामा: १८ च्या खुणेपाशी पाणी आहे का?

दादा: पहिल्या मुक्कामाला नाही. ओढा ४ किलोमीटर आधीच लागतो.

मामा: मग त्या दिवशी १४ च चाला. किंवा ओढ्यावर थांबून आधी पोटभर प्या, रात्रीचं आणि दुसऱ्या सकाळचं पाणी भरून घ्या आणि मग पुढे जा. पण एक लिटर म्हणजे एक किलो. स्वयंपाक धरून दोघांना सहा-सात लिटर सहज लागतं आणि ते ओझं वाळूत दुप्पट वाटतं. अंतर बघून मुक्काम ठरवलात तर फसाल. आधी पाण्याच्या जागा मांडा, मुक्काम त्यांच्यामध्ये बसवा.

मी: फिल्टर घेतलाय चांगला. नकाशावर एक मोठी खाडीपण आहे, तिथे भरता येईल.

मामा: खाडीवर अजिबात विसंबू नका. साध्या फिल्टरने गाळ आणि जंतू जातात, मीठ जात नाही. उकळूनही जात नाही, उलट पाणी आटेल तसा खारटपणा वाढतो. मी स्वतः यात सापडलोय. खाडीच्या मुखाशी हाताने वरचं पाणी चाखलं, गोडं लागलं. मग बाटल्या खोल बुडवून भरल्या आणि निघालो. तासाभराने पहिला घोट घेतला तर मचूळ. गोडं पाणी हलकं म्हणून वर राहतं, भरतीचं खारं पाणी त्याच्याखालून तळातळाने आत शिरतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. परतायला उजेड नव्हता. रात्र कोरड्या घशाने काढली. तुम्हाला ते नको.

आई: बापरे. हे तू आम्हाला कधी सांगितलंच नाहीस.

मावशी: अगदीच वेळ आली तर समुद्राचं घोटभर चालतं का रे?

मामा: नाही ताई. लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते बाहेर टाकायला शरीराला प्यायलेल्यापेक्षा जास्त पाणी खर्चावं लागतं. तहान वाढते, भागत नाही.

दादा: मग ओढ्यातलं पाणी नक्की कुठे भरायचं?

मामा: मुखाशी नाही, काठाने वर चालत जायचं. काठावर शिंपले, समुद्राचं शेवाळ, खारफुटी दिसतेय तोवर भरतीचं पाणी तिथे येतं असं समजा. त्या खुणा संपल्या की अजून थोडं वर जा, वाहतं पाणी बघा, थेंबभर जिभेवर ठेवून थुंका. ओहोटी पूर्ण होत आली असताना गेलात तर आणखी बरं. गढूळ असेल तर आधी फडक्यातून गाळा, मग फिल्टर, आणि खळखळून १ मिनिट उकळा. साचलेल्या पाण्यावर हिरवा-निळा तवंग असेल तर ते सोडून द्या, त्यातलं विष उकळून जात नाही. शेताच्या खालच्या अंगाला असलेल्या ओढ्याचंही तेच, फवारणीचं औषध आगीने मरत नाही. आणि नकाशावरची निळी रेघ उन्हाळ्यात कोरडी असू शकते. वाटेत भेटेल त्या प्रत्येकाला विचारा, "पुढचा ओढा वाहतोय का?"

मी: तंबू पुळणीवर लावायचा होता. लाटांजवळ.

मामा: लाटांजवळ नको गं. वाळूवर वाळलेल्या शेवाळाच्या रेघा दिसतात. सगळ्यात वरची, जिच्यात जुन्या काटक्या अडकलेल्या असतात, ती शोधा आणि तिच्याही बऱ्याच वर जा. संध्याकाळची भरती बघून निर्धास्त होऊ नका. पुढची साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे तुम्ही गाढ झोपेत असताना, आणि एका दिवसाच्या दोन भरत्या सारख्याच चढतील असं नाही.

आई: कड्याखाली आडोसा असतो ना वाऱ्याला?

मामा: कड्यावरून दगड सुटतात, आणि भरतीत मागे सरकायला जागा उरत नाही. टेकाडाच्या मागची सपाट जागा बरी, पण वाळू धरून ठेवणाऱ्या वेली-गवतावर तंबू नको. ओढ्याच्या कोरड्या पात्रातही नको, वर पाऊस झाला तर रात्रीत पाणी येतं. वाळूत साध्या खुंट्या धरत नाहीत. पिशवीत वाळू भरा, दोरी बांधा आणि आडवी पुरा. शौचाला पाण्यापासून ६० मीटर तरी लांब जा, १५ ते २० सेंटिमीटर खड्डा करा. आणि जागा कोणाची आहे, मुक्कामाला परवानगी लागते का, हे निघायच्या आधी विचारून ठेवा.

दादा: आम्ही पौर्णिमेला निघतोय. चांदणं मिळेल म्हणून.

मामा: तेव्हाच उधाण असतं, सगळ्यात वरपर्यंत पाणी. त्या दिवसांत पुळण अरुंद होते, कड्याला वळसा घालणारी वाट बुडते. अष्टमीच्या आसपास जा, भांगाची भरती असते, म्हणजे पाणी कमी चढतं.

मी: रजा पुढे ढकलता येईल. बघते.

मामा: नकाशा पाठव. ओढ्यांवर मी खुणा करून देतो, तिन्ही मुक्काम मग नव्याने मांडू.