‘दडपलेले’, ‘दडलेले’ की ‘न नोंदवलेले’?

ओसरी: बायका-मुलांवरच्या अत्याचारांबद्दलचं एका संस्थेचं पत्रक मराठीत करतेय. ‘अनरिपोर्टेड’ गुन्ह्यांपाशी अडलेय. ‘न नोंदवलेले’ म्हटलं की वाटतं, सोसणाऱ्या बाईनेच नोंदवलं नाही. ‘दडपलेले’ म्हणावं तर पत्रक पोलीस ठाण्यातच लावायचंय. ‘बळी’ आधीच खोडला, बाई जिवंत आहे.

तळटीप: ‘नोंद न झालेले’. कर्ताच नाही, कोणी चिडणार नाही.

चकली: तेच खुपतं. माझ्या मावसबहिणीला नवऱ्याने मारलं. ठाण्यात म्हणाले, “घेतली तक्रार.” हातात चिठोरं. आम्ही वर्षभर समजत होतो गुन्हा दाखल झालाय. ती होती एनसी! अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय तपासच नाही. शाई उडाली तरी ते चिठोरं तिने पोथीत जपून ठेवलंय. आता सांगा, ही ‘नोंद झालेली’ की ‘न झालेली’?

तळटीप: म्हणून ‘फिर्याद’ आणि ‘तक्रार’ यांत गल्लत नको. फिर्याद फारसी, मूळ अर्थ मदतीसाठी हाक. तक्रार अरबी, मूळ अर्थ पुनरावृत्ती.

ओसरी: पुनरावृत्ती! ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टात तेच तेच सांगायचं. अरबांना आमची ठाणी ठाऊक होती की काय!

शुद्धमती: दोन्ही परके. ‘गाऱ्हाणं’ आहे ना आपलं.

माडाखाली: आमच्यात गाऱ्हाणं देवाला घालतात हो, फौजदाराला नाही.

चकली: आणि ‘पीडिता’ लिहू नका. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, मुलग्यांनाही लागू आहे. मुलगा असला की घरचे आधीच गप्प बसतात, त्यात पत्रकातला शब्दही बाईचा.

शुद्धमती: ‘पीडित’ लिहा. पण ते विशेषण, नाम नव्हे.

तळटीप: ‘पूरग्रस्त’ नाम म्हणून चालतं, मग हे का नको?

माडाखाली: आमची आजी नुसतं म्हणायची, “पोरीवर बेतलं.” कोणी केलं ते नाही, काय झालं ते नाही. गावाला सगळं कळायचं.

चकली: कळायचं, आणि तिथेच मिटायचं.

शुद्धमती: शिंपी कापड बेततो, तेच का हे बेतणं?

तळटीप: नसावं. ‘जिवावर बेतणं’ निराळं.

ओसरी: अहो, पत्रक उद्या छापायला जातंय. तूर्त मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८ आणि महिलांच्या मदतवाहिनीचा १८१ एवढंच पक्कं आहे.

माडाखाली: आणि ‘परिस्थिती बेताची’ मधला बेत?

शुद्धमती: तो शिंप्याचाच. पैज लावा.